परभणीच्या मुलखातून गोवळकोंड्याला गेलेल्या टॅव्हर्नियरने हिऱ्याच्या किमतीचं गणित जगाला शिकवलं

साखरपुडा ठरला की आजकाल खर्चाच्या यादीत एक नवीन गोष्ट येते, हिऱ्याची अंगठी. पूर्वी सोन्याच्या अंगठीवर काम भागायचं. आता मुलगा-मुलगी मोबाइलवर डिझाईन बघून दुकानात येतात आणि घरची मंडळी किंमत ऐकून एकमेकांकडे बघतात.

खरी पंचाईत पुढेच असते. समोर दोन अंगठ्या ठेवलेल्या असतात आणि दोन्हींची किंमत सारखी. एकीतला खडा मोठा, पण किंचित पिवळसर. दुसरीतला खडा लहान, पण पाण्यासारखा नितळ. घ्यायची कोणती?

हा प्रश्न काही आजचा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात उभं आयुष्य घालवलं. त्यासाठी तो बैलगाडीत बसून सुरतेहून निघाला आणि नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद, अंबड, आष्टी, नांदेड करत गोवळकोंड्याला गेला. आता नकाशा उघडा आणि आष्टीपासून नांदेडपर्यंत बोट फिरवा. मध्ये आजचा परभणी जिल्हा लागतो.

त्या माणसाचं नाव ज्याँ बॅप्टिस्ट टॅव्हर्नियर.

नकाशे विकणाऱ्याचा पोरगा

टॅव्हर्नियरचा जन्म १६०५ चा, पॅरिसचा. घराणं प्रोटेस्टंट पंथाचं, अँटवर्पहून पॅरिसला येऊन स्थायिक झालेलं. वडील गॅब्रिएल नकाशांचा धंदा करायचे. घरात भूगोल जाणणाऱ्या लोकांची ऊठबस असायची, देशोदेशीच्या गप्पा चालायच्या. अशा घरात वाढलेल्या पोराचा पाय घरात टिकणार कसा? वयाच्या बावीस वर्षांपर्यंत त्याने युरोपातले बहुतेक महत्त्वाचे देश पालथे घातले होते.

पहिल्या मोठ्या सफरीत तो इराणमधल्या इस्फहानपर्यंत पोचला. दुसऱ्या सफरीत, म्हणजे १६३८ ते १६४३ या काळात, तो हिंदुस्थानात आला. आग्रा बघितलं, गोवळकोंडा बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हवा तो माल इथे आहे. तेव्हा हिरा म्हटलं की जगाला हिंदुस्थानच आठवायचा, कारण ब्राझीलमधल्या खाणी सापडायला अजून ऐंशी-नव्वद वर्षं होती. बोर्निओसारख्या एखाद्या ठिकाणी थोडेफार हिरे मिळायचे तेवढेच. बाकी सगळा माल दख्खनच्या मातीतला.

मग त्याने एकूण सहा सफरी केल्या. जवळपास चाळीस वर्षं हा माणूस वाटेवरच होता. युरोपातून मोती, पाचू, घड्याळं, कलाकुसरीच्या वस्तू आणायच्या, इथल्या सरदारांना विकायच्या आणि परत जाताना हिरे घेऊन जायचे, असा त्याचा धंदा. पुण्यात शिवाजी महाराजांच्या हातून बोटं गमावलेला शाइस्तेखान ठाऊक आहे ना? तोसुद्धा टॅव्हर्नियरचा गिऱ्हाईक होता.

मराठवाड्याची वाट

त्या काळी पाथरी हे मुघलांच्या वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. सरकार म्हणजे आजच्या भाषेत साधारण जिल्हा. म्हणजे परभणीचा हा मुलूख मुघलांकडे, आणि खाली हिऱ्यांच्या खाणी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडे. सुरत बंदरातून खाणींकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला मराठवाडा ओलांडावाच लागायचा.

टॅव्हर्नियर वाटेतलं सगळं टिपून ठेवायचा. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो हे त्याने लिहून ठेवलंय. एका फेरीत त्याला संगमरवराने भरलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या दिसल्या. त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. तो दगड निघाला होता औरंगाबादेत बांधल्या जाणाऱ्या मकबऱ्यासाठी. आज आपण ज्याला बीबी का मकबरा म्हणतो, तोच. दहा-दहा हजार बैलांवर धान्य आणि मीठ लादून निघालेले बंजाऱ्यांचे तांडे त्याने पाहिले. असा तांडा समोरून आला तर वाट मोकळी व्हायला दोन-तीन दिवस थांबायची वेळ यायची. त्याच बंजाऱ्यांचे तांडे आज जिंतूरच्या परिसरात गावं होऊन वसले आहेत.

खाणीवरची शाळा

टॅव्हर्नियरचं मोठेपण असं की तो शहरात बसून दलालाकडून माल उचलणारा नव्हता. तो थेट खाणीवर गेला. आजच्या कर्नूल भागातली रावळकोंड्याची खाण त्याने पाहिली आणि कृष्णा नदीकाठची कोल्लूरची खाणही. कोल्लूरला बायका-पोरं धरून साठ हजार माणसं राबत होती, असा आकडा त्याने दिलाय.

इथे हिरे पारखायच्या पद्धती बघून तो चाट पडला.

युरोपात हिरा दिवसा उजेडात बघायचे. इथले व्यापारी रात्री बघायचे. भिंतीत फूटभर चौरस कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा आणि त्याच्या उजेडात दोन बोटांत धरलेला खडा. हिऱ्यात निळसर झाक आहे का, हे बघायचं असेल तर तो दाट पानांच्या झाडाखाली न्यायचा. हिरव्या सावलीत ती झाक लगेच उघडी पडते. थोडक्यात, उजेड बदलला की हिरा वेगळा दिसतो, हे आपल्या लोकांना तेव्हाच पक्कं माहीत होतं.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. गावातल्या मोठ्या झाडाखाली दहा ते सोळा वर्षांची पोरं बसलेली असायची. एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांची थैली. कुणी खडा घेऊन आला की आधी तो सगळ्यात मोठ्या पोराच्या हातात जायचा. तो बघून शेजारच्याला द्यायचा, मग पुढच्याला. कुणी चकार शब्द काढायचं नाही. खडा सगळ्यांच्या हातून फिरून पहिल्याकडे आला की मगच भाव सुरू. संध्याकाळी दिवसभराचा माल मांडून पाणी, वजन आणि स्वच्छता बघून त्याच्या वाटण्या व्हायच्या. मग तो मोठ्या व्यापाऱ्यांना विकून नफा वाटून घ्यायचा, त्यात म्होरक्याला पाव टक्का जास्त. महाग खरेदी झाली तर भुर्दंडही त्याच्याच माथी.

आज सराफाच्या दुकानात हिऱ्याचे चार सी सांगतात. कॅरेट म्हणजे वजन, कलर म्हणजे रंग, क्लॅरिटी म्हणजे स्वच्छता आणि कट म्हणजे घडाई. त्यातले तीन ही पोरं झाडाखाली बसून रोज वापरत होती.

आणि सौदा? तो कपड्याखाली व्हायचा. दोघं समोरासमोर बसायचे, हात कापडाखाली. पूर्ण पंजा दाबला की हजार, एक बोट धरलं की शंभर, अर्धं बोट पन्नास, बोटाचं टोक दहा. आजूबाजूला कितीही गर्दी असली तरी भाव कुणाला कळायचा नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदे ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे वाचून नवल वाटायचं नाही.

खाणीवर त्याला आणखी एक धडा मिळाला. एके संध्याकाळी साध्या, फाटक्या वाटणाऱ्या वेशातला एक वाणी त्याच्याकडे आला. आधी त्याने काही किरकोळ अंगठ्या दाखवल्या. मग नोकरांना बाहेर पाठवायला सांगितलं, डोक्याचे केस सोडले आणि त्यात लपवलेली चिंधी काढली. चिंधीत साडेअठ्ठेचाळीस कॅरेटचा हिरा होता, सुंदर पाण्याचा. टॅव्हर्नियरने तो पुढे विकतही घेतला. माल ओळखायचा असेल तर दुकानाचा झगमगाट बघून चालत नाही, हे त्याला त्या दिवशी समजलं असणार.

नऊशे रतींचा खडा आणि फसलेला कारागीर

नोव्हेंबर १६६५ मध्ये टॅव्हर्नियरला अशी संधी मिळाली जी कुठल्याच युरोपियनला मिळाली नव्हती. औरंगजेबाने त्याला आपल्या खजिन्यातली रत्नं दाखवली. त्यात अर्ध्या कापलेल्या अंड्यासारखा एक प्रचंड हिरा होता. इतिहास त्याला ग्रेट मुघल म्हणतो.

हा खडा मूळचा ९०० रतींचा, म्हणजे त्याच्या हिशोबाने ७८७.५ कॅरेट. तो घडवायला दिला होता होर्तेन्सियो बोर्जियो नावाच्या व्हेनिसच्या कारागिराकडे. खड्यात दोष होते. चतुर कारागिराने खडा फोडून चांगले तुकडे वेगळे काढले असते. बोर्जियोने मात्र सगळा खडा घासत नेला. उरलं काय? ३१९.५ रती, म्हणजे साधारण २७९.५ कॅरेट. निम्म्याहून जास्त हिऱ्याचा भुगा झाला. बादशहाने मजुरी तर दिली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड वसूल केला. त्याच्याकडे आणखी असते तर तेही घेतले असते.

घडाई बिघडली की निसर्गाने दिलेला सर्वोत्तम खडाही वाया जातो, हे यावरून समजतं. पुढे नादिरशहाच्या लुटीनंतर हा हिरा गायब झाला. मॉस्कोच्या क्रेमलिनमधला ऑर्लोव्ह हिरा म्हणजेच तो, असा अनेकांचा अंदाज आहे.

टॅव्हर्नियरचं सूत्र

आता येऊ मुद्द्यावर. एवढं सगळं बघितल्यावर टॅव्हर्नियरने हिऱ्याची किंमत काढायची रीत लिहून ठेवली. ती रीत त्याच्या नावाने ओळखली जाते, काही जण तिला भारतीय नियमही म्हणतात.

रीत अशी. आधी खड्याची प्रत बघून त्या प्रतीच्या एक कॅरेट हिऱ्याचा भाव ठरवा. मग खड्याच्या वजनाचा वर्ग करा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे किंमत.

समजा एक कॅरेटचा भाव १०० आहे. मग दोन कॅरेटचा हिरा २०० ला नाही, तर ४०० ला. तीन कॅरेटचा ९०० ला. आणि अर्ध्या कॅरेटचा ५० ला नाही, तर फक्त २५ ला.

मोठा खडा दुर्मिळ म्हणून त्याचा भाव असा उड्या मारत जातो. उलट बाजूने पाहिलं तर एक कॅरेटच्या एका खड्याच्या पैशांत अर्ध्या-अर्ध्या कॅरेटचे चार खडे येतात. एकूण वजन मात्र दुप्पट!

आणि प्रत? ग्रेट मुघलच्या तळाच्या कडेला एक बारीकसा दोष होता. तो नसता तर टॅव्हर्नियरने पहिल्या कॅरेटला १६० लिव्र धरले असते. दोषामुळे त्याने १५० च धरले. लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन. १५० ने हिशोब केला तर हिऱ्याची किंमत १ कोटी १७ लाख लिव्रांच्या वर जाते. पण १६० धरले असते तर ती आणखी जवळपास पावणेआठ लाखांनी वाढली असती. डाग टाचणीच्या टोकाएवढा, फरक लाखांचा.

इटलीत टस्कनीच्या ग्रँड ड्यूककडे १३९ कॅरेटच्या आसपासचा एक मोठा हिरा होता. त्याचा रंग लिंबासारखा पिवळसर, म्हणून टॅव्हर्नियरने पहिल्या कॅरेटला १३५ लिव्रच धरले. म्हणजे वजन वर्गाने वाढतं, पण सुरुवात प्रतीपासून होते. मोठ्या खड्यात प्रतीची छोटी चूकही मोठी होऊन भोवते.

राजाने किती दिले?

सहाव्या सफरीवरून १६६८ मध्ये टॅव्हर्नियर फ्रान्सला परतला, तेव्हा वय साठीच्या पुढे. चौदाव्या लुईने त्याच्याकडून हजाराहून जास्त हिरे घेतले. सगळ्याचे मिळून ८ लाख ९७ हजार ७३१ लिव्र. यात एक गडद निळा हिरा होता, त्या वेळच्या मापाने ११२ कॅरेटहून थोडा जास्त. त्याचे मोजले गेले २ लाख २० हजार.

आता गंमत बघा. टॅव्हर्नियरचंच सूत्र लावून, १५० लिव्रांचा भाव धरून हिशोब केला तर या खड्याची किंमत १८ लाख ८० हजारांच्या पुढे जाते. त्याला मिळाला त्याचा आठवा-नववा हिस्सा. अर्थात हा खडा पांढरा नव्हता आणि हिंदुस्थानी पद्धतीने वजन राखून घडवलेला होता, त्यामुळे पांढऱ्या हिऱ्याचा भाव त्याला लागू होतोच असं नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. कागदावरची किंमत वेगळी आणि समोरचा गिऱ्हाईक प्रत्यक्षात मोजतो ते पैसे वेगळे. ज्याच्या नावाने सूत्र ओळखलं जातं, त्यालाही हे चुकलं नाही.

राजाने त्या निळ्या हिऱ्याला १६७३ मध्ये पुन्हा घडवून घेतलं. वजन ६७ कॅरेटच्या आसपास आलं, पण चमक वाढली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये तो चोरीला गेला. आज तोच हिरा आणखी लहान होऊन, ४५.५२ कॅरेटचा होप डायमंड म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. शंभराहून जास्त कॅरेटचा खडा घासून घासून निम्म्याच्या खाली आला आणि जगप्रसिद्ध झाला!

शेवटचा प्रवास

राजाने टॅव्हर्नियरला उमरावपद दिलं. १६७० मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधल्या ओबोनची जहागीर विकत घेतली. १६७६ मध्ये त्याच्या सहा सफरींचं पुस्तक आलं. सतराव्या शतकातला दख्खन समजून घ्यायला इतिहासकार आजही ते उघडतात.

स्वस्थ बसणं मात्र त्याच्या रक्तात नव्हतं. १६८५ मध्ये त्याने ओबोन विकलं आणि ऐंशी ओलांडलेला हा म्हातारा पुन्हा पूर्वेकडे निघाला. १६८९ मध्ये रशियात त्याचा मृत्यू झाला, वय ८४. निळा हिरा त्याने देवाच्या मूर्तीतून चोरला, त्याचा शाप लागला आणि जंगली कुत्र्यांनी त्याला फाडलं, असली कहाणी सोशल मीडियावर फिरत असते. ती मागाहून रचलेली आहे. हा माणूस भरपूर जगला, सन्मानाने जगला आणि प्रवास करताना गेला.

मग अंगठी घेताना काय करायचं?

टॅव्हर्नियरच्या काळाचा वर्गाचा नियम आज जसाच्या तसा चालत नाही. भाव जागतिक बाजाराच्या यादीवरून ठरतात. पण त्याच्या आयुष्यातून मिळालेल्या काही गोष्टी अजूनही दुकानात कामाला येतात.

पहिली, वजनाची पायरी. अर्धा किंवा एक कॅरेट असा गोल आकडा आला की भाव उडी मारतो. त्यामुळे एक कॅरेटऐवजी त्याच्या थोडा खालचा, ०.९० च्या आसपासचा खडा विचारा. बोटात घातल्यावर फरक जवळपास कळत नाही, बिलात कळतो. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरेट मात्र वेगळा, तो शुद्धता सांगतो.

दुसरी, डाग कुठे आहे ते बघा. भिंगाखाली दहापट मोठं करून दिसणारा, कडेला असलेला बारीक दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सगळ्यात वरच्या प्रतीचे पैसे मोजायची गरज नसते. पण खड्याच्या मधोमध काळा ठिपका दिसत असेल तर वजन कितीही असो, नको म्हणा.

तिसरी, उजेड बदला. दुकानातले दिवे हिरा चमकवण्यासाठीच लावलेले असतात. खडा दारापाशी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पिवळसर झाक असेल तर लगेच दिसेल. अंगठी पिवळ्या सोन्यात बसवायची असेल तर थोडी झाक खपून जाते, पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये ती उठून दिसते.

चौथी, घडाईत काटकसर करू नका. वजन आणि स्वच्छता एक पायरी खाली आणली तरी चालेल, पण घडाई उत्तम घ्या. लहान खडा नीट घडवलेला असेल तर तो मोठ्या, निस्तेज खड्यापेक्षा जास्त लखलखतो. बोर्जियोला दंड झाला होता, तुम्हाला नुकसान होईल.

पाचवी, झाडाखालच्या पोरांची रीत. खडा घरातल्या दोघा-तिघांनी पाहू द्या, सगळ्यांनी शांतपणे बघेपर्यंत भावाची भाषा काढू नका आणि एकाच दुकानात सौदा उरकू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. बिलावर हिऱ्याचं वजन, प्रत आणि दर सोन्यापासून वेगळे लिहून घ्या. सोन्यावर हॉलमार्क आणि एचयूआयडी क्रमांक तपासा. परत घेताना किती कापणार, हेही लेखी घ्या.

शेवटची गोष्ट लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांची. टॅव्हर्नियरला हा प्रश्न नव्हता. हे हिरे खोटे नसतात. रासायनिकदृष्ट्या तोच कार्बन, तीच चमक. नैसर्गिक हिऱ्यापेक्षा ते बरेच स्वस्त मिळतात, त्यामुळे त्याच पैशात मोठा आणि स्वच्छ खडा येतो. पण गेल्या काही वर्षांत त्यांचे भाव झपाट्याने उतरलेत, त्यामुळे पुढे विकून पैसे निघतील ही आशा ठेवू नका. हौस म्हणून घेतलात तर सौदा चांगला. फक्त तो लॅबचा आहे हे बिलावर स्पष्ट लिहिलेलं असावं आणि नैसर्गिकचा भाव लावलेला नसावा.

आणि नैसर्गिक हिराही गुंतवणूक म्हणून घेऊ नका. विकायला गेलात तर घेतलेल्या भावाच्या बरेच कमी पैसे हातात येतात. अडीनडीला मोडायचं असेल तर सोनं बरं. दोन-तीन वर्षांच्या सोयाबीनचे पैसे अंगठीत घालण्याआधी घरात याचा विचार व्हायला हवा.

जाता जाता एक. टॅव्हर्नियर ज्या सुरतेहून बैलगाडी जुंपून निघायचा, त्याच सुरतेत आज जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू पाडले जातात. तेव्हा हिरे मराठवाड्यातून वर सुरतेकडे जायचे, आता सुरतेहून आपल्या गावच्या सराफाकडे येतात. वाट तीच आहे, दिशा तेवढी बदलली.